मिरज–कोल्हापूर पिक-अप मालगाडी आणि तिचं शंटिंग, कोणाकोणाला आठवतंय?

रूळवेडा_पुणे

नमस्कार मंडळी. घरी मॉडेल लेआउट करतोय, एचओ स्केल (खऱ्याच्या १/८७), आणि सेक्शन ठरवलाय मिरज–कोल्हापूर. काळ १९७१ ला ब्रॉडगेज (रुंद रूळ) झाल्यापासून ते साधारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. आजोळ जयसिंगपूरला, त्यामुळे हा सेक्शन सोडून दुसरं काही डोक्यात येतच नाही. महालक्ष्मी, कोयना ह्या एक्स्प्रेसचे फोटो, टाइमटेबल सगळं मिळतं हो, पण मला जी गाडी पळवायचीये तिच्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही. ती म्हणजे रोजची छोटी मालगाडी, जी प्रत्येक स्टेशनावर थांबायची, दोन डबे सोडायची, एक उचलायची आणि पुढं जायची. मामा सांगतो की ते लहानपणी गुड्स शेडच्या भिंतीवर बसून तासन्‌तास शंटिंग, म्हणजे इंजिनानं डबे काढणं-जोडणं, बघायचे, पण नेमकं काय चालायचं ते त्याला सांगता येत नाही.

मला विचारायचंय ते असं, की डबे कुठल्या क्रमानं लावायचे, म्हणजे जयसिंगपूरचा डबा पुढं का मागं? छोट्या स्टेशनला वेगळं शंटिंगचं इंजिन तर नसणार, मग काम कोण करायचं? गुड्स शेडला कुठला माल चढायचा, उतरायचा? आणि मिरज यार्डात तिन्ही गेज (रुळांच्या रुंदी) एकत्र होते तेव्हा माल इकडचा तिकडं कसा जायचा? ज्यांनी पाहिलंय किंवा स्वतः काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, कितीही लांब झालं तरी चालेल, मी सगळं वहीत उतरवून घेणार आहे.

शाहूपुरी_पेठ

भावा एकदम मनातला विषय काढलास. आमचं शाहूपुरीत गुळाचं अडत दुकान, आजोबांपासून. ही पेठच मुळात रेल्वेच्या जोरावर उभी राहिलेली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, तेव्हा मीटरगेज (एक मीटर रुंदीची), संस्थानानं स्वतःच्या पैशानं बांधलेली, आणि त्यानंतर चारच वर्षांत, १८९५ ला, शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही व्यापारी पेठ वसवली. गूळ गुऱ्हाळातून बैलगाडीनं पेठेत यायचा, सौदे व्हायचे आणि पेठेतून रेल्वेनं बाहेर. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गुजरात, आजपण कोल्हापुरी गुळाला तिकडंच सगळ्यात जास्त मागणी. मीटरगेज होती तोपर्यंत पुण्याला माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरायला लागायचा आणि त्यात रव्यांची (गुळाच्या ढेपांची) फुटतूट व्हायची, वडील म्हणायचे की ७१ नंतर इथं लावलेलं सील थेट अहमदाबादला फुटायला लागलं तेव्हा पेठेनं खरा श्वास घेतला.

आता तुझ्या गाडीबद्दल. सीझन म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत. डबा पाहिजे असेल तर इंडेंट (डब्याचा मागणी अर्ज) भरायचा, डिपॉझिट ठेवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. सीझनला डब्यांची इतकी ओढ असायची की ‘आज खाली डबे किती आले’ हा प्रश्न पेठेत गुळाच्या भावाइतकाच महत्त्वाचा. ते खाली डबे ही तुझी पिक-अपच आणायची. मिरजेहून गाडी सुटली की गुड्स क्लार्ककडं आकडा यायचा, आणि गाडी कोल्हापुरात पोचायच्या आत मुकादम हमाल घेऊन हजर.

डबा मिळाला म्हणून लगेच भरायचा नाही. आधी माणूस आत जायचा, बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि अंधारात वर बघायचं, पत्र्याला कुठं उजेडाचा ठिपका दिसतोय का. दिसला तर तो डबा गुळाला बाद, कारण वाटेत पाऊस लागला तर रवा पाझरतो आणि एक रवा पाझरला की खालची थप्पी गेली. मग वास घ्यायचा, आधी खत किंवा रॉकेलचे डबे नेले असतील तर गुळाला वास धरतो. हे सगळं पास झालं की झाडून, खाली पाचट आणि गोणपाट पसरून मग थप्पी. त्या काळातल्या साध्या चारचाकी बंद वाघिणीत साधारण २२ टन माल बसायचा. दार लागलं, सील झालं, लेबल खोचलं की रेल्वेची पावती म्हणजे बिल्टी हातात, ती बँकेमार्फत पुढच्या व्यापाऱ्याकडं, आणि त्यानं पैसे भरल्याशिवाय त्याला ती मिळायची नाही, म्हणजे माल त्याच्या स्टेशनला पोचला तरी सोडवता यायचा नाही. त्या एका कागदावर सगळा धंदा उभा होता.

आणि एक, तुझ्या लेआउटमध्ये गूळ मार्केट स्टेशन विसरू नकोस. कोल्हापूरच्या अलीकडंच आहे, नावातच सगळं आलं. त्याच्या अलीकडं वळीवडे, दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती, ते लोकं ह्याच लाइनीनं आले.

ब्रेकव्हॅन_काका

मी निवृत्त गुड्स गार्ड आहे. बरीचशी नोकरी दौंड–सोलापूर बाजूला, पण ह्या सेक्शनलाही काही वर्षं काम केलंय आणि पिक-अपवर भरपूर केलंय, त्यामुळं लिहितो. बाळा तुझे प्रश्न बरोबर आहेत, विशेषतः डब्यांच्या क्रमाचा, कारण पिक-अपचं अर्धं काम गाडी सुटायच्या आधी यार्डातच झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं.

क्रम असा. ज्या स्टेशनला पहिल्यांदा डबे काढायचे ते इंजिनाला लागून, त्यामागं पुढच्या स्टेशनचे, असं करत शेवटचे कोल्हापूरचे आणि सगळ्यात मागं ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा डबा. एसटीच्या टपावर सामान लावताना आधी उतरणाऱ्याचं वरती ठेवतात ना, तसंच. म्हणजे जयसिंगपूर पुढं, मग हातकणंगले, मग रुकडी, मग गूळ मार्केट आणि कोल्हापूर. मिरजेचा शंटिंग मास्टर हुशार असेल तर हा क्रम लावूनच गाडी देणार, आणि घाईत मिसळून दिली तर गार्डाचा आणि ड्रायव्हरचा अख्खा दिवस छोट्या स्टेशनांवर डबे चाळण्यात जाणार. यार्डातला ट्रेन्स क्लार्क वही घेऊन गाडीच्या कडेनं चालत जाऊन प्रत्येक वाघिणीचा नंबर, मालकी रेल्वे, कुठून कुठे ते उतरवून घ्यायचा, ती यादी माझ्या हातात यायची आणि मग मी स्वतः ब्रेकव्हॅनपासून इंजिनापर्यंत चालत जाऊन लेबलं, सीलं, दाराच्या कड्या, हँडब्रेक सुटलेत का, सगळं बघायचो. टीएक्सआरवाले (डबे तपासणारे) व्हॅक्युम ब्रेक तपासायचे, ब्रेकव्हॅनमधल्या गेजला सुई नीट वर आली की गाडी तयार.

आता छोट्या स्टेशनला काम कोण करतं. गाडीचंच इंजिन करतं, वेगळं शंटर नसतंच. शंटिंगवर देखरेख गार्डाची, सोबत स्टेशनचा पॉइंट्समन, म्हणजे पॉइंट (रुळांचे सांधे) फिरवणारा. स्टेशन मास्तर लेखी शंटिंग ऑर्डर देतो, टी ८०६ म्हणतात त्याला, त्यात कुठून कुठे काय हलवायचं ते लिहिलेलं, त्याच्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही. सेक्शन सिंगल लाइन, गोळा टोकनवर (पुढच्या स्टेशनपर्यंत जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला मिळणारा गोळा) चालणारा, त्यामुळं लूपला (मेनच्या शेजारची, दोन्ही टोकांना जोडलेली लाइन) आल्यावर टोकन मास्तरांकडं जमा. मग मी ब्रेकव्हॅनचा हँडब्रेक आवळायचो, मागं उभ्या राहणाऱ्या डब्यांचे पण दोन-चार ब्रेक पाडायचो, चाकाखाली लाकडी गुटके सरकवायचे, आणि मग पुढचे डबे कापून इंजिन साइडिंगकडं, म्हणजे गुड्स शेडच्या एका टोकाला बंद असलेल्या लाइनीकडं.

इथं खरी गंमत आहे आणि तुझ्या लेआउटसाठी हीच गोष्ट महत्त्वाची. साइडिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघ. गाडी पुढं जाऊन मग मागं रेटत डबे आत घालता येत असतील तर काम सोपं, इंजिन पुढं आणि डबे मागं असतातच, पॉइंट ओलांडायचा, थांबायचं, पॉइंट फिरवायचा आणि हळूहळू ढकलायचं. पण तोंड उलट्या बाजूला असेल तर इंजिन आधी आत जाणार आणि डबे बाहेर राहणार, इंजिनच डेड एंडला अडकणार. मग लूपमधून इंजिन फिरवून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला आणायला लागतं, ब्लॉक (दोन स्टेशनांमधली लाइन) मोकळा असेल आणि मास्तरांकडं वेळ असेल तरच. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे ते डबे तसेच कोल्हापूरपर्यंत न्यायचे आणि परतीला टाकायचे, कारण जाताना उलटं पडणारं साइडिंग परत येताना सुलटं पडतं. त्यामुळं एखाद्या व्यापाऱ्याचा डबा सकाळी त्याच्या दारावरून पुढं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा, तो बिचारा प्लॅटफॉर्मवर हात हलवत राहायचा, त्याला समजावून सांगायला लागायचं.

दुसरी अडचण आत उभ्या असलेल्या डब्यांची. समज साइडिंगला तीन डबे आहेत, दोन अर्धे भरलेले तोंडाकडं आणि भरून सील झालेला एक पार डेड एंडला. मला पाहिजे तो शेवटचा. म्हणजे तिन्ही ओढून बाहेर आणायचे, भरलेला गाडीला जोडायचा आणि उरलेले दोन परत नेऊन होते त्याच जागी उभे करायचे, अगदी गुड्स शेडच्या दारासमोर डब्याचं दार आलं पाहिजे, हातभर जरी पुढंमागं झालं तरी हमालांची फळी बसत नाही. ओढायच्या आधी आत कोणी माणूस नाही, फळी काढली, दारं लावली हे प्रत्येक डब्यात डोकावून बघायचं, ह्यात मी कधीच तडजोड केली नाही. गाडी गेल्यावर हमाल पहार चाकाखाली घालून डबा इंच इंच सरकवायचे, तुझ्या मामानं ते नक्की पाहिलं असणार.

सिग्नल हाताचे. दिवसा झेंडी, रात्री बत्ती. हिरवी झेंडी हळूहळू वरखाली केली की ड्रायव्हरनं माझ्यापासून लांब जायचं, अंगासमोर डावीउजवीकडं हलवली की माझ्याकडं यायचं. आणि डब्याला डबा भिडवायची वेळ आली की दोन्ही हातात हिरव्या झेंड्या डोक्यावर धरून एकमेकींकडं आणायच्या, रात्री हिरवी बत्ती डोक्यावर धरून मनगटातून फिरवायची, म्हणजे अगदी मुंगीच्या पावलानं. लाल दिसली की जागच्या जागी उभं. शंटिंगचा वेग जास्तीत जास्त ताशी १५ किलोमीटर, पेट्रोलच्या टाक्या किंवा स्फोटकं असतील तर ८. कागदावर हा वेग काहीच वाटत नाही, पण लोड असलेले आठ-दहा डबे घेऊन मागं रेटताना ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नसतं, तो पूर्णपणे तुझ्या हाताकडं बघून चालवत असतो. ड्रायव्हरचा विश्वास बसला की तो तुझ्या मनगटाच्या हालचालीवरून ओळखायचा की आता दोन डब्यांचं अंतर राहिलंय. बफर बफरला टेकले आणि आवाजच झाला नाही, असं शंटिंग करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आजही फार आदर आहे.

वेळेचं म्हणशील तर पिक-अपला वेळ नसतोच. एक्स्प्रेस येणार, पॅसेंजर येणार, मास्तर म्हणणार शंटिंग बंद करा, सगळं फाउलिंग मार्कच्या (शेजारच्या लाइनीला अडथळा होणार नाही त्या खुणेच्या) आत घ्या. मग लूपमध्ये पडून राहायचं. ४७–४८ किलोमीटरचा सेक्शन, पण जाऊन यायला अख्खा दिवस जायचा, कधी रात्रही. ब्रेकव्हॅनमध्ये लाइट नाही, पंखा नाही, चारचाकी ब्रेकव्हॅन असली तर हाडं खिळखिळी. छागल (पाण्याची पिशवी) बाहेर दांड्याला टांगलेली, वाऱ्यावर पाणी इतकं गार व्हायचं की विचारू नकोस. कृष्णेच्या पुलावर आणि पुढं रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात उभा राहायचो.

मिरज_रेल्वे_कॉलनी

काकांनी इतकं छान लिहिलंय की दोनदा वाचलं. मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, वडील यार्डात पॉइंट्समन आणि नंतर शंटिंग जमादार. तिन्ही गेजचं सांगतो.

मिरजेत आधी दोनच गेज होते, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. बार्शी लाइट १८९७ ला कुर्डुवाडी–बार्शी सुरू झाली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत आली. १९७१ ला पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि कोल्हापूरपर्यंत गेली, पण बेळगाव–लोंड्याकडची मीटरगेज तशीच राहिली. त्यामुळं तिथून पुढं दोन दशकं एकाच गावात तीन रुंदीचे रूळ, तीन तऱ्हेची इंजिनं, आणि मीटरगेजला वायजी, वायपी वाफेची इंजिनं चालायची तोवर आम्ही पोरं पहाटे अंथरुणातूनच शिटीवरून सांगायचो कुठल्या गेजची गाडी आली. मुंबईहून गोव्याला जाणारे लोक इथंच गाडी बदलायचे, आणि माणसं जशी बदलायची तसाच मालही बदलायला लागायचा.

त्यासाठी ट्रान्सशिपमेंटचं शेड. मधे लांबलचक फलाट, एका बाजूला ब्रॉडगेजचे डबे, दुसऱ्या बाजूला मीटरगेजचे, दोन्हीकडच्या डब्यांचं तळ फलाटाच्या उंचीला येणार असं. हमाल पोती पाठीवर घेऊन एका डब्यातून निघून सरळ समोरच्या डब्यात. ऐकायला सोपं वाटतं पण मीटरगेजचा डबा लहान, ब्रॉडगेजच्या एका डब्यातला सगळा माल त्यात मावत नाही, मग उरलेली पोती दुसऱ्या डब्यात, त्याची वेगळी नोंद, वेगळं लेबल, आणि टॅली क्लार्क प्रत्येक पोत्याला वहीत रेघ मारणार. फाटलेलं पोतं, ओलं झालेलं पोतं, सगळं लिहायचं. लोंड्याकडून लाकूड यायचं त्याचे ओंडके एका उघड्या डब्यातून दुसऱ्यात घ्यायचे ते काम तर बघवायचं नाही, इतकं अंगमेहनतीचं.

शंटिंग करणाऱ्यांना प्रत्येक गेजची जोडणी वेगळी यायला पाहिजे. ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणींना दोन बाजूला दोन बफर आणि मधे स्क्रू कपलिंग, ती जाड लोखंडी कडी उचलून समोरच्या हुकात अडकवायची आणि मग स्क्रू फिरवून आवळायचा, वर व्हॅक्युमचे हौजपाइप जोडायचे. मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि त्यातच चॉपर, म्हणजे जोडणीचा हुक. नंतर नंतर बॉक्स वगैरे मोठे आठचाकी डबे यायला लागले त्यांना सीबीसी म्हणजे आपोआप लागणारं कपलर. वडील सांगायचे, डबे पूर्ण थांबल्याशिवाय मधे शिरायचं नाही, ड्रायव्हरनं हात दाखवून थांबलो म्हणून सांगितल्याशिवाय तर नाहीच.

यार्डात मोठ्या प्रमाणावर लूज शंटिंग चालायचं. इंजिन डबे ढकलत आणतं, जमादार इशारा करतो, कपलिंग आधीच काढलेलं असतं, इंजिन ब्रेक मारतं आणि पुढचे डबे स्वतःच्या जोरावर सुटून आपापल्या लाइनीला जातात. शेजारून एक माणूस धावत जाऊन हँडब्रेकच्या दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकून डबा आधीच उभ्या असलेल्या डब्यांजवळ थांबवतो. काचसामान, स्फोटकं, प्रवासी डबे ह्यांना असं सोडायचं नाही, त्यांच्यावर तसं लेबलच असायचं. पावसाळ्यात रूळ ओले, दांडा निसरडा, त्या धावणाऱ्या माणसांचं कौशल्य मी आजवर दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकात लोंड्याकडची मीटरगेज गेली, नंतर नॅरोगेज गेली. पण एक सांगायलाच पाहिजे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ना, ती ह्याच मिरजेतून. पहिली गाडी दहा टँक वाघिणींची, साधारण पाच लाख लिटर पाणी, एप्रिलच्या १२ तारखेला लातूरला पोचली, नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. आणि ती गेली पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी मार्गे, म्हणजे जुन्या नॅरोगेजच्याच वाटेनं, आता ब्रॉडगेज झालेल्या. ती वाट आधीच रुंद झाली नसती तर ह्या वाघिणी तिकडं गेल्याच नसत्या. वडील तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज जाऊन वाघिणी भरताना आणि लावताना बघून यायचे.

क्वार्टर_नंबर_चार

मी हातकणंगलेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाले, बाबा पॉइंट्समन. सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. इचलकरंजीला रेल्वे नाही, त्यामुळं तिथल्या यंत्रमागांचं जे काही रेल्वेनं यायचं ते आमच्या स्टेशनला उतरायचं. कापसाच्या गाठी, सुताची खोकी, आणि ते न्यायला ट्रक आणि बैलगाड्या गुड्स शेडबाहेर रांगेत. गाठ उतरवताना पट्टी तुटली की कापूस सगळीकडं उडायचा.

आमच्या घरातला दिवस पिक-अपवर ठरायचा. ती आली की बाबा जेवणावरून उठून जायचे, कारण पॉइंटला कुलूप, किल्ली मास्तरांकडून आणायची, पॉइंट फिरवायचा, परत कुलूप, किल्ली परत, आणि गाडी गेल्यावर साइडिंगला ठेवलेल्या डब्यांना साखळी लावून कुलूप घालायचं म्हणजे वाऱ्यानं किंवा उतारानं घरंगळून मेन लाइनीवर यायला नकोत. हे शेवटचं काम ते कितीही दमलेले असले तरी दोनदा तपासायचे, एकदा लावताना आणि एकदा झोपायच्या आधी बत्ती घेऊन जाऊन. आई चिडायची, म्हणायची लावलं ना एकदा, पण ते जायचेच.

वर दादांनी कपलिंगचं लिहिलंय. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं कपलिंगमध्ये गेली होती, हातकणंगलेला यायच्या आधी, दुसऱ्या एका यार्डात, माझ्या जन्माच्याही आधी. तरी त्याच हातानं ते स्क्रू आवळायचे. शंटिंगचे फोटो बघताना लोकांना इंजिन दिसतं, मला आधी दोन डब्यांच्या मधला माणूस दिसतो. रूळवेडा, तुमच्या लेआउटवर माणसांच्या छोट्या बाहुल्या लावणार असाल तर एक तिथं नक्की लावा, डबे उभे असताना मधे वाकलेला, आणि बाहेर उभा राहून ड्रायव्हरला लाल झेंडी दाखवणारा दुसरा.

वॅगन_टर्नराउंड

सगळं वाचून छान वाटलं पण ह्या गाड्या बंद का झाल्या तेही नोंदवायला पाहिजे. मी रेल्वेच्या ऑपरेटिंगमध्ये, म्हणजे गाड्या चालवायच्या विभागात होतो. एकेकट्या डब्याचा प्रवास बघा, कोल्हापूरला भरला, मिरजेला कापला, दोन दिवस उभा, पुण्याकडं जाणाऱ्या गाडीत लागला, पुढच्या यार्डात परत कापला, परत उभा. डबा चालायचा कमी आणि यार्डात उभा राहायचा जास्त. व्यापाऱ्याला माल कधी पोचेल हे कुणीच सांगू शकायचं नाही. देशात डब्यांची टंचाई आणि अर्धे डबे यार्डात अडकलेले, म्हणून ऐंशीच्या दशकात अख्खी गाडी एकाच ठिकाणी भरायची आणि एकाच ठिकाणी रिकामी करायची, मधे तोडफोड नाही, असं धोरण आलं. एअर ब्रेकवाले बॉक्स-एन (उघडे) आणि बीसीएन (बंद) आठचाकी डबे आले. कोळसा, सिमेंट, खत, धान्य, साखर ह्यांना ते अगदी योग्य होतं आणि त्याच डब्यांतून रेल्वेनं कितीतरी जास्त माल ओढला. तो निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे.

शाहूपुरी_पेठ

@वॅगन_टर्नराउंड साहेब, रेल्वेच्या बाजूनं बरोबर असेल, पण पेठेच्या बाजूनं बघा. चाळीसच्या आसपास बीसीएन डबे म्हणजे दोन हजार टनांच्या वर माल, एका अडत्याला किंवा चार अडत्यांना मिळूनसुद्धा तेवढा गूळ एका दिवशी एकाच गावाला पाठवणं शक्य नाही. आमचा धंदा एका डब्याचा होता. डबा बंद झाला तसा सगळा गूळ ट्रकवर गेला, दारातून उचलून दारात टाकतो, मान्य, पण भाडं डिझेलवर हलतं आणि घाटात ट्रक अडकला की माल गरमीत. छोट्या व्यापाऱ्यासाठी एकदोन डब्यांची सोय कुठल्यातरी रूपात ठेवायला पाहिजे होती, आज कंटेनरवरनं ते शक्य आहे आणि व्हायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वॅगन_टर्नराउंड

कंटेनरचं तुमचं म्हणणं पटतं. ठराविक दिवशी, ठराविक वेळेला सुटणारी गाडी असेल तर छोटा व्यापारी परत येईल. वेळेची खात्री हवी, ती पिक-अपला कधीच देता आली नाही.

रूळवेडा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीची पानं भरली. ताई, तुम्ही सांगितलेली दोन माणसं नक्की लावणार, आणि साखळी-कुलूपसुद्धा करून बघतो, त्या स्केलला तारेची करता येईल. काका, शेवटचं एक विचारतो. जागा कमी आहे, त्यामुळं एकच मधलं स्टेशन करता येणार, एक मेन, एक लूप आणि एक गुड्स साइडिंग. साइडिंगचं तोंड मिरजेकडं ठेवू की कोल्हापूरकडं? आणि इंजिन डब्ल्यूडीएम-२ (डिझेल) घेतलं तर चालेल ना?

ब्रेकव्हॅन_काका

डब्ल्यूडीएम-२ एकदम योग्य. तोंड कोल्हापूरकडं ठेव. म्हणजे मिरजेहून येणारी गाडी पॉइंट ओलांडून मागं रेटत डबे घालेल, आणि परतीच्या गाडीला तेच उलटं पडेल, त्यामुळं दोन्ही प्रकारचं शंटिंग तुला एकाच स्टेशनावर करायला मिळेल. लूपची लांबी किमान इंजिन, सहा डबे आणि ब्रेकव्हॅन बसेल एवढी ठेव, नाहीतर इंजिन फिरवता येणार नाही. साइडिंग लूपला मिळतं तिथं ट्रॅप पॉइंट (घरंगळलेला डबा मेनवर न जाता रुळावरून उतरवणारा सांधा) दे, त्याच्याशिवाय आपल्याकडं गुड्स साइडिंग नसतं. डबे सगळे एका जातीचे घेऊ नकोस, चारचाकी बंद जास्त, एखादा उघडा, एखादी तेलाची टाकी, आणि एखादा आठचाकी बंद बीसीएक्स. ब्रेकव्हॅन चारचाकी, मागं एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी दिवसासाठी, रात्र दाखवणार असशील तर लाल टेल लॅम्प आणि दोन साइड लॅम्प. शेडच्या दारापुढं डबा बरोबर कुठं उभा राहायला पाहिजे तिथं रुळाकडेला पांढरी खूण कर, तिच्यावर डबा न धडकवता थांबवायची सवय लागेपर्यंत गाडी हळूच चालव. काम झालं की फोटो टाक, बघून सांगतो.